टिरोजाचे डोळे

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात नरसिंहपूरच्या बायका नदीवर धुणं आपटता आपटता एक गोष्ट अगदी हळू आवाजात सांगत होत्या. हळू म्हणजे पलीकडच्या काठावर म्हशी धुणाऱ्याला शब्दन्‌शब्द कळेल इतक्याच. गोष्ट अशी, की कोऱ्हाळे बुद्रुकच्या बिरूनं मेलेल्या बायकोचे दोन्ही डोळे काढले, ओल्या फडक्यात गुंडाळून इथं आणले आणि मेव्हण्याच्या अंगणातल्या गुलाबाच्या खोडात भरले. शिवाय त्याच्या बुडाशी एक मडकं पुरलं. मडक्यात काय आहे ते नरसोबालाच ठाऊक. पण झाडाला फुलं आली ती दोनच, शेजारी शेजारी, आणि ती आभाळाकडं बघत नाहीत. खाली माणसाकडं बघतात.

पहिलीनं नुसतं 'बघतात' एवढंच सांगितलं होतं. दुसरीपर्यंत जाताना त्या फुलांना पापण्या फुटल्या, आणि तिसरीनं त्यातून पाणीही काढलं.

या सगळ्याला साक्षीदार घरचीच होती. बिरूचा मेव्हणा मल्हार, त्याची बायको आक्काबाई. बाईनं कुणाचं ऐकून काही सांगितलं नव्हतं. बिरूच्या तोंडचे शब्द तिनं स्वतःच्या कानांनी ऐकले होते, आणि आयुष्यात एकदाच, ऐकलेलं जसंच्या तसं पुढं दिलं होतं.

आता बिरू म्हणजे काही जादूटोणा करणारा माणूस नव्हे. उंच, वाळका, खांद्यावर घोंगडं. जन्म मेंढरांमागं गेलेला, त्यामुळं माणसांशी बोलायची सवय बेताचीच. त्याला काही विचारलं की तो आधी विचार करी, आणि उत्तर सुचेपर्यंत विचारणारा घरी जाऊन जेवायला बसलेला असे. अशा माणसाबद्दल अफवा उठवणं फार सोपं. तो खोडून काढत नाही.

त्याला गुलाबाचं वेड लागलं तेही मेंढरांमुळंच. तरणा असताना कालव्यावरच्या सरकारी बंगल्याच्या आवारात त्यानं कळप बसवला होता. कालवा निरीक्षक मोहनराव गुलाबाचे शौकीन, त्यांना लेंडीखत हवं होतं. आवाराच्या कोपऱ्यात कुण्या गोऱ्या साहेबानं लावलेलं एक जुनं झाड होतं. फूल साईसारखं पिवळट, देठ इतका बारीक की फूल उमललं की मान टाकायचं. बघायचं तर त्याच्याखाली बसून वर बघावं लागे. आणि वास? चहापुडीचा नवा डबा उघडावा तसा.

"याला टी रोज म्हणतात," मोहनराव म्हणाले. "जुनी जात. आता कुणी लावत नाही."

"टिरोज," बिरू म्हणाला. थोड्या वेळानं, म्हणजे मोहनराव बंगल्याच्या पायऱ्या चढायला लागल्यावर, त्यानं विचारलं, "साहेब, टी म्हंजी चा न्हवं?"

"हो, चहाच."

बिरूनं त्याचा अर्थ लावला, की हे झाड चहा पितं. त्या दिवसापासून कपातला शेवटचा घोट तो झाडाच्या बुडाशी ओतू लागला. मोहनरावांनी पाहिलं, मिशीत हसले आणि चूक काही दुरुस्त केली नाही. सरकारी माणूस, दुरुस्तीची घाई नव्हती.

पुढं सगळीकडं ऊस झाला. चरायला माळ उरला नाही, बिरूनं कळप मोडला आणि त्याच बंगल्यावर माळी म्हणून राहिला. तिथं मोहनरावांनी त्याला डोळा भरायला शिकवलं. उसाच्या मुलखात डोळा कुणाला नवा नाही. उसाच्या कांडीवरचा डोळा मातीत जातो आणि कोंब वर येतो, हे शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. पण गुलाबाची तऱ्हा वेगळी. चांगल्या झाडाची काडी घ्यायची, तिच्यावरचा डोळा सालीसकट अलगद सोलायचा, रानटी गुलाबाच्या खुंटाला चीर देऊन तिच्यात सरकवायचा आणि केळीच्या सोपानं, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीनं, बांधून टाकायचा. तो डोळा तिथं जगला की रानटी खुंटावर साहेबाचा गुलाब. याला म्हणतात डोळा भरणं.

तेव्हा वाचणारा म्हणेल, संपली की अफवा! बाईनं एक शब्द भलताच ऐकला, झालं. इतकं सोपं असतं तर ही गोष्ट कशाला सांगितली असती? बिरूच्या बायकोच्या सरणाजवळ मल्हारनं जे पाहिलं, ते शब्दाच्या घोटाळ्यात बसत नाही. पण ते जागच्या जागी येईल.

सारजा, बिरूची बायको, नवऱ्याच्या वाट्याचंही स्वतःच बोलायची. माहेर नरसिंहपूर, मल्हार पाठचा भाऊ. बिरूनं टिरोजाचं झाड कोऱ्हाळ्याला दारात आणून लावलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, सवत आनली ती बोलनारी न्हाय." आणि मग तिनंच त्याला पोरासारखं वाढवलं. घरी आलेल्या प्रत्येकाला ती चहा देई आणि शेवटचा घोट झाडाला टाकायला लावी. पाहुणा तो विसरला तर पुढच्या खेपेला चहा अर्धा कप.

झाड आलं तेव्हाच तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. वर्षा-दोन वर्षांत फूल हाताला लागे, नजरेला लागेना. बारामतीच्या शिबिरात तिचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटून ती घरी आली ती चप्पल न काढता झाडाखाली बसली आणि ओरडली, "अवं, ह्यो तर पिवळा हाय! येवढी वर्सं मी पांढरा म्हनून सांगतीया गावाला!"

"तू इचारलंस कवा?" बिरू म्हणाला. हे उत्तर त्यानं त्याच दिवशी दिलं, यावरून त्याला किती आनंद झाला होता ते कळावं.

पण पुढं पुढं कोऱ्हाळ्याची हवा त्या झाडाला मानवेना. पाटाच्या पाण्यानं गारठलेलं गाव. चारी अंगांनी उभा ऊस, घराच्या दारात यायला वाऱ्याला वाट नाही. जमीन काळी, खाली झिरपा. टिरोजाला पाय ओले चालत नाहीत. कळ्या यायच्या, पण उमलायच्या आधीच आतल्या आत कुजायच्या आणि मिटलेल्या मुठीसारख्या काळ्या होऊन देठावर लोंबायच्या. बुडाशी मातीवर पांढरं मीठ फुटलं. सोमेश्वरनगरला साडूच्या दारात एक खुंट भरून पाहिला, तिथं पानंच पानं, फुलाचं नाव नाही, आणि शेवटी तोही वाळला. बंगल्यातलं मूळ झाड तर वाळवीनं केव्हाच खाल्लं होतं.

त्याच सुमारास सारजा अंथरुणाला लागली. आणि इथं जरा अंगावर काटा येतो. झाडाची ज्या आठवड्यात एक बाजू वाळली, त्याच आठवड्यात सारजाचा एक हात गेला. शेजारपाजारच्यांनी ते लगेच हेरलं. बिरूनंही हेरलं होतं. पण तो बोलला नाही.

सारजानं त्याच्याकडून दोन वचनं घेतली.

"ह्या झाडाचं डोळं माज्या म्हायेरी न्या. थितला माळ तापलेला हाय, वारं हाय, मुरूम हाय. मल्हारला सांगून रानगुलाबाचा खुंट लावून ठिवलाय. हितं मरंल त्ये, थितं जगंल."

"बरं."

दुसरं वचन तिनं त्याच्या कानाशी लागून मागितलं.

"आन् मल्हारला ह्यातलं कायबी कळता कामा न्हाय. त्याला रातीची झोप लागायची न्हाय. शप्पत घ्या."

बिरूनं तिच्या गळ्याला हात लावला.

माघात बारामतीच्या दवाखान्यात ती वारली. तेव्हा जवळ एकटा बिरू होता. संध्याकाळी तो तिला कोऱ्हाळ्याला घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हार पोचला, सरणाजवळ बहिणीच्या तोंडावरचं फडकं त्यानं बाजूला केलं. एक पापणी किंचित उघडी वाटली, म्हणून त्यानं अंगठ्यानं ती मिटायला पाहिली.

अंगठा आत गेला.

पापणीखाली डोळा नव्हता. काहीतरी मऊ, कापसासारखं होतं. मल्हारनं हात मागं घेतला, बिरूकडं पाहिलं. बिरू जमिनीकडं बघत होता. मल्हार चार माणसांत एक शब्द बोलला नाही. रात्री फक्त आक्काबाईला सांगितलं, आणि कुणाला सांगू नकोस असं बजावलं. आता बायकोला असं बजावल्यावर गोष्ट किती दिवस घरात राहते, हे ज्याच्या त्याच्या घरच्या अनुभवावर सोडलेलं बरं.

सावडून झाल्यावर राख घेऊन सगळे नरसिंहपूरच्या संगमावर आले. बिरूच्या एका हातात राखेचं गाठोडं, दुसऱ्या काखेत गोणपाटाची ओली गुंडाळी. राख पाण्यात गेली. बिरू घाटाच्या पायरीवर जरा वेळ उभा राहिला आणि मेव्हण्याला म्हणाला, "मल्हार, आता बिगीबिगी घरला चल. डोळं भरायचं हायती."

आक्काबाईला भडभडून आलं. ती म्हणाली, "आवं दाजी, भरलं तर भरू द्या की डोळं! रडा मोकळं. बापय मानूस म्हनून काय झालं?"

"माजं न्हाय गं," बिरू म्हणाला. "फडक्यात आनल्याती. वाळलं तर वाया जातील."

आक्काबाईच्या हातातली पितळी तांब्या-वाटी पायरीवरून गडगडत पाण्यात गेली. ती कुणी काढलीही नाही.

त्या दुपारी तिनं दाराच्या फटीतून सगळं पाहिलं. बिरू कुंपणाशी उकिडवा बसला होता. ओल्या गोणपाटातून काहीतरी बारीक काढायचा, चाकूच्या टोकावर घ्यायचा, खुंटाच्या सालीत सरकवायचा आणि सोपानं आवळायचा. आणि प्रत्येक वेळी पुटपुटायचा, "हितनं बघ आता." मग त्यानं त्या खुंटाशेजारी खड्डा घेतला, सारजाच्या चुलीपुढचं जुनं मडकं त्यात गळ्यापर्यंत पुरलं, वर मातीचा पसरट परळ झाकला. शेवटी कळप होता तेव्हाची वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं, काढली आणि झाडाभोवती उभी केली. शेळीनं तोंड लावू नये म्हणून. पण आक्काबाईला वाटलं, ही जाळी बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी नाही. आतल्याला बाहेर येऊ न देण्यासाठी आहे.

भरलेल्या डोळ्यांपैकी दोनच जगले. फाल्गुनात कोऱ्हाळ्याचं झाड मुळासकट गेलं. आता जगात टिरोज म्हणून बिरूच्या ओळखीचं एवढंच झाड उरलं, मेव्हण्याच्या अंगणातलं, दोन फुटव्यांचं. हे गेलं तर सारजाला दिलेलं निम्मं वचन गेलं. म्हणून तो दर पंधरवड्याला एसटीनं इंदापूर, तिथून मिळेल त्या गाडीनं नरसिंहपूर गाठी, मडक्यात पाणी ओती, झाडाखाली घटकाभर बसे आणि कुणाशी न बोलता माघारी जाई. कुणी काही विचारलं तर विचार करत करत.

वैशाखात फुलं आली. दोन फुटवे, दोन फुलं, एका उंचीवर. कोऱ्हाळ्यात फिकट पिवळी असणारी पाकळी इथल्या उन्हात कडेनं लालसर झाली होती, रात्रभर रडलेल्या माणसाच्या डोळ्याच्या कडा होतात तशी. आक्काबाई झाडायला वाघरीशी वाकली, सहज वर पाहिलं, आणि झाडू तिथंच राहिला.

त्यानंतर भर दुपारी, गावात कुत्रंही हलत नाही अशा वेळी, अंगणात चहाचा वास सुटू लागला. चूल थंड, घरातले सगळे आडवे झालेले, आणि वास मात्र असा, की आत्ता कुणी पुडीत चमचा घातला. सारजाची चहाची वेळ तीच. मल्हार उठून बसायचा. आक्काबाई म्हणायची, "वन्सं आल्यात." मग तीच भीत भीत उठायची, खरंच चहा टाकायची आणि अर्धा कप वाघरीच्या आत बुडाशी ओतायची. चहा मुरमात जिरायचा, तो आवाज दोघं कान देऊन ऐकत. पिल्यासारखा आवाज यायचा.

शेवटी मल्हारला खरोखरच झोप येईना. बहिणीचा जीव झाडात अडकलाय, मडकं काढून नदीत सोडल्याशिवाय ती सुटायची नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. एका दुपारी त्यानं कुदळ घेतली, वाघर उपटली. आणि नेमका बिरू गाडीतून उतरून अंगणात आला.

"मल्हार, काय करतूस?"

"मडक्यात काय हाय, दाजी?"

बिरू विचारात पडला.

"आज इचार करायचा न्हाय!" मल्हार ओरडला. "आज सांगायचं. काय हाय मडक्यात?"

"पानी."

"मग काडून दावतू."

"मडकं हलवू नगंस. मुळ्यांनी इळखा घातलाय त्याला. मडकं गेलं तर ह्येबी जाईल."

हे खरंच होतं. बुडाला भोक पाडून चिंधीची वात ओवलेलं मडकं माळरानात असंच पुरतात, ते पाझरतं आणि झाडाची मुळं ओलीच्या ओढीनं त्याला मिठी घालतात. पण त्या क्षणी ते असं ऐकू आलं, की दुसरं काही कबूल करायची गरजच राहू नये. दारातून आक्काबाई म्हणाली, "बघा! सोडंना झालीया!"

मल्हारनं कुदळ उचलली. बिरू झाडाच्या आणि कुदळीच्या मधे येऊन बसला. त्यानं मडक्यावरचा परळ काढला.

"खंदू नगंस. हात घालून बघ."

मल्हार गुडघ्यावर बसला. बसल्याबरोबर ती दोन फुलं त्याच्या चेहऱ्यासमोर आली, मान टाकलेली, अगदी जवळ. वारा नव्हता. त्यानं डोळे मिटले आणि मडक्यात हात घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. खाली गार पाणी लागलं, आणि पाण्यात बोटांना केस लागले. लांब, बारीक, ओले केस, बोटांभोवती गुंडाळणारे.

त्यानं फोडलेली किंकाळी ऐकून शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

"मुळ्या हायती," बिरू शांतपणे म्हणाला. "वातीच्या भोकातनं आत आल्याती. दाव बगू हात."

मल्हारनं हात वर काढला. बोटांत पांढऱ्या मुळांचे धागे अडकले होते. त्यानं ते तोडले नाहीत. बिरूनं एकेक सोडवून पुन्हा पाण्यात सोडला.

"मग डोळं कुटं हायती तिचं?" मल्हारचा आवाज आता पोरासारखा झाला होता. "म्या बगितलंय, दाजी. ह्या अंगट्यानं. आत काय बी न्हवतं."

बिरूनं शपथ घेतली होती. पण मल्हारच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तो बघत होता. सारजानं शपथ घातली होती ती भावाला झोप लागावी म्हणून, आणि झोप तर या माणसाची आधीच गेली होती. समोर कुदळ तशीच आडवी पडलेली.

"तिनं दिलं," बिरू म्हणाला.

"दिलं? कुनाला?"

"ठावं न्हाय. सांगत न्हाईत."

"आन् म्होरल्या जल्मी आंधळी आली म्हंजी?"

"त्येच म्हनाली व्हती ती. मल्हार आसंच इचारंल म्हनून. तवा सांगू नगा म्हनाली."

आक्काबाई दारातच खाली बसली. मल्हारनं कुदळ बाजूला सारली, वाघर परत उभी केली, आणि मडक्यात डोकावून म्हणाला, "पानी कमी झालंया, दाजी. घागर आनतू."

खरं ते एवढंच. सारजाबाईनं शिबिरातून आल्यावरच नेत्रदान करायचं ठरवलं होतं. ती वारली त्याच दुपारी बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे डोळे काढून घेतले, बर्फाच्या डब्यात घालून पुण्याला पाठवले, आणि तिथं त्यांची बुबुळं दोन माणसांना बसवली. पापण्यांखाली कापूस होता. गुलाबात भरले ते गुलाबाचे डोळे. मडक्यात पाणी होतं.